ड्रॅग शर्यतीसाठी जुनी कूपे कशी निवडावी

नॉस्टॅल्जिया ड्रॅग रेसर म्हणजे १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील सरळ पट्ट्यांवर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर उभ्या जागेवरून सुटून कापणाऱ्या गाड्यांच्या धर्तीवर आज बांधलेली गाडी. ती बहुधा जुन्या कूपेवर, म्हणजे दोन दारी, मागे उतरत्या छपराच्या गाडीवर, उभी राहते. अशी गाडी बांधू इच्छिणाऱ्या कोल्हापुरातील तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाचा असतो : कोणते बसवायचे, किती हॉर्सपॉवर काढायची, टर्बो लावायचा की नाही. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा आहे. इंजिन पुढे दोन-तीनदा बदलता येते. एकदा विकत घेतलेली बॉडी, तिची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि तिची कागदपत्रे मात्र शेवटपर्यंत तीच राहतात, आणि गाडी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहते ती बहुतेक वेळा या तिहींपैकी एखाद्या गोष्टीपायी.

म्हणून निवडीची कसोटी आपल्या गावाच्या हिशेबाने ठरवावी. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत जे घडवून मिळते, ते नसलेली गाडी निर्धास्तपणे घ्यावी. जे तिथे कोणीही घडवून देऊ शकत नाही, ते मात्र गाडीवर जागच्या जागी आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. शेतीसाठी लागणारी ऑइल इंजिने आणि पंप बनवत बनवत या शहराने लेथ, पॅटर्न आणि ओतकाम यांत जे कौशल्य मिळवले, त्याच्या बळावर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट, इंजिनाच्या माउंटिंगचे ब्रॅकेट, नव्या स्प्लाइनचे हाफ शाफ्ट, छोटा केलेला प्रोपेलर शाफ्ट, सिलिंडरचे स्लीव्ह, इतकेच काय, चांगला पॅटर्न दिला तर ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्डसुद्धा इथे तयार होतो. याउलट वक्र विंडस्क्रीन, दाबून काढलेल्या पत्र्याचे मूळ दार, छपराचा तो विशिष्ट उतार, ओतीव ग्रिल आणि खरे आरसी बुक या वस्तू कोणत्याही लेथवर निघत नाहीत. इंजिन नसलेली, पण दारे, काचा आणि कागद पूर्ण असलेली गाडी ही चालू इंजिनाच्या, पण एक दार आणि पुढची काच हरवलेल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली खरेदी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या शर्यतवाल्यांनी कूपेच का निवडल्या

अमेरिकेत पहिला व्यावसायिक ड्रॅग पट्टा १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर सुरू झाला आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची, म्हणजे एनएचआरएची, स्थापना केली. त्या काळातील ‘गॅस’, म्हणजे पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांच्या, वर्गांची विभागणी गाडीचे वजन भागिले इंजिनाचा आकार या गुणोत्तरावर होत असे. साहजिकच शर्यतवाले मोठे इंजिन पेलू शकणारी, पण मुळात लहान आणि हलकी असलेली गाडी शोधू लागले. १९३३ पासूनच्या विलिस कूपे याच कारणाने गाजल्या. ‘ओहायो जॉर्ज’ माँटगोमेरी यांची १९३३ ची विलिस हे त्याचे ठळक उदाहरण. इंग्लंडहून गेलेल्या फोर्ड अँग्लिया अमेरिकेत वापरल्या गेल्या त्याही याच हिशेबाने, आणि पुढे १९६६ मध्ये इंग्लंडात सँटा पॉडचा पट्टा सुरू झाल्यानंतर तिथल्या हौशी मंडळींनी त्याच कुळातल्या फोर्ड पॉप्युलरवर असंख्य गाड्या बांधल्या.

विलिसचे नाव आपल्याला परके नाही. १९४१ च्या विलिस कूपेमध्ये जे चार सिलिंडरचे २.२ लिटर इंजिन होते, तेच युद्धकाळात विलिस जीपमध्ये गेले, आणि महिंद्राने स्वातंत्र्यानंतर भारतात ज्या जीप जोडायला सुरुवात केली त्या याच घराण्यातल्या. पन्हाळा-राधानगरीकडच्या चढांवर त्या जीप दुरुस्त करत ज्यांची हयात गेली, अशा मेस्त्रींना या गाडीच्या पोटातले निम्मे भाग आधीच ओळखीचे असतील.

कूपे निवडण्यामागे दुसरे कारण रचनेचे आहे. दोन दारे असली की दाराच्या मागचा खांब आणि मागचा पत्रा अखंड राहतो. गाडी सुटताना मागच्या चाकांकडून येणारा पिळ तो पत्रा सहन करतो. चार दारांच्या गाडीत याच जागी मोठे भोक आणि बिजागरी असतात. चालकाला मागे सरकून बसता येते, इंजिनही थोडे मागे सरकवता येते, आणि वजन मागच्या चाकांवर जाते. जुन्या गॅस वर्गांत इंजिन व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, दहा टक्क्यांपर्यंत मागे सरकवण्याची मुभा होती. म्हणजे ९० इंच व्हीलबेसच्या अँग्लियात फक्त ९ इंच. मोजमाप पुढच्या चाकाच्या मध्यापासून पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत केले जाई. आपण नियमांनी बांधलेले नसलो, तरी काळाशी प्रामाणिक राहायचे असेल तर ही मर्यादा पाळावी. इंजिन थेट चालकाच्या मांडीवर आणून ठेवलेली गाडी वेगळ्या वर्गाची होते आणि तिचा चेहराही बदलतो.

नाक वर उचललेल्या त्या गाड्यांमागेही कारण होते. गाडी जोराने सुटते तेव्हा मागे सरकणारे वजन हे एकूण वजन, प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला व्हीलबेसने भागले की मिळते. चालकासह ९०० किलो वजनाची, २.३२ मीटर व्हीलबेसची आणि ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी ०.६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट, प्रवेगाने सुटली, तर सुमारे १२८ किलो वजन पुढच्या चाकांवरून मागे जाते. त्या काळातील अरुंद आणि कडक टायरना हा भार हवाच होता, म्हणून पुढचा भाग उंच केला जाई. आजचे टायर अधिक चिकट असल्याने इतकी उंची लागत नाही. गाडी निवडताना एवढेच लक्षात ठेवावे, की व्हीलबेस जितका आखूड तितके वजन अधिक मागे जाते, पण गाडी सरळ रेषेत राखणेही तितकेच कठीण होते. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने ९० इंचांच्या खाली जाऊ नये.

आपल्या भागात काय सापडते

विलिस कूपे कोल्हापुरात सापडणार नाही आणि परदेशातून आणायची म्हटली तर जहाजभाडे व सीमाशुल्क मिळून गाडी बांधण्याचा सगळा खर्च तिथेच संपेल. तेव्हा भारतात जोडल्या किंवा विकल्या गेलेल्या दोन दारी गाड्यांकडे पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. शुद्ध अर्थाने त्या सगळ्या कूपे नाहीत, काही दोन दारी सलून, म्हणजे मागेही पूर्ण सीट असलेल्या गाड्या, आहेत. पण अँग्लियासुद्धा सलूनच होती आणि तिला कोणी कमी लेखले नाही.

माझी पहिली पसंती स्टँडर्ड हेराल्डच्या दोन दारी आवृत्तीला आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ही गाडी भारतात बनवली; मूळ ट्रायम्फ हेराल्डचे रेखाटन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांचे. व्हीलबेस ९१.५ इंच, वजन साधारण ८०० किलो, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिला स्वतंत्र चॅसी आहे. बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडलेली असल्याने छप्पर, मागचा टब आणि पुढचा भाग वेगळे करून एकेकावर काम करता येते, आणि चॅसी उघडी करून तिला जोडपट्ट्या व रोल बारचे, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या नळीच्या कमानीचे, पाय सरळ वेल्ड करता येतात. मडगार्डसह पुढे उलटणारे बॉनेट तर शर्यतीच्या गाडीसाठीच केले असावे असे वाटते : ते उघडले की पुढचे चाक, सस्पेन्शन आणि इंजिन तिन्ही बाजूंनी हाताला लागतात. पुढचे विशबोन सस्पेन्शन इतके नेटके आहे, की इंग्लंडातील अनेक छोट्या शर्यतीच्या गाड्यांनी त्याचे स्टब ॲक्सल, म्हणजे चाक बसण्याचे भाग, उचलले. ते काढून उगाच सरळ ॲक्सल बसवू नये.

हेराल्डचा दोष मागे आहे. तिला आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि स्विंग ॲक्सल, म्हणजे प्रत्येक चाकासाठी मधोमध हलणारा वेगळा दांडा, आहे. गाडी वरखाली होताच चाकांचा कोन बदलतो आणि टायरची फक्त कड जमिनीला टेकते. ड्रॅगसाठी हे चालणार नाही. मागे एकसंध लाइव्ह ॲक्सल घालावाच लागतो, आणि तो घालता येतो याचा पुरावा खुद्द कंपनीने दिला आहे : त्याच कुळातली गझेल १९७२ मध्ये आली तेव्हा तिला लाइव्ह ॲक्सल होता. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हेराल्डची नंतरची भारतीय आवृत्ती चार दारी आहे आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘हेराल्ड आहे’ एवढेच सांगितले जाते, म्हणून प्रवास करण्याआधी दारांचा फोटो मागवावा.

दुसरा पर्याय युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतर लगेचच्या इंग्रजी छोट्या गाड्यांचा. दोन दारी फोर्ड अँग्लिया मिळाली तर अमेरिकी पट्ट्यावरचे मूळ रूप आयते हाती येते. तिला पुढे जन्मतःच सरळ बीम ॲक्सल आणि आडवा पाटा आहे, त्यामुळे त्या काळाचा तोंडवळा वेगळा आणावा लागत नाही. दोन दारी मॉरिस ८, त्यातही १९३८ नंतरची सिरीज ई, ८९ इंच व्हीलबेसची असल्याने मी सांगितलेल्या मर्यादेच्या जराशी खाली येते, तरी चांगली स्थिती असेल तर विचारात घ्यावी. या गाड्यांचा फायदा काचेत आहे : विंडस्क्रीन सपाट असल्याने काचेच्या कोणत्याही चांगल्या दुकानात लॅमिनेटेड काच कापून मिळते, तर हेराल्डची वक्र काच फुटली की महिनोन्‌महिने शोध घ्यावा लागतो. मात्र अँग्लियाचे ब्रेक सळ्यांवर चालणारे यांत्रिक ब्रेक आहेत. ते पूर्ण काढून हायड्रॉलिक बसवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

मॉरिस मायनरची दोन दारी आवृत्ती दिसायला गोजिरी आहे, पण ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेली, आहे, तिचा व्हीलबेस ८६ इंच आहे, आणि तिच्या तळाचा पत्रा गेला असेल तर गाडीच गेली असे समजावे. सिपानी डॉल्फिन १९८२ ची, फायबरग्लासची, दोन दारी आणि फार हलकी. भारतीय शर्यतींच्या इतिहासात तिचे स्थान आदराचे आहे, पण तिचा काळ वेगळा आणि तिच्यावर या जुन्या रूपाची गाडी उभी राहत नाही. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी चार दारी आहेत. त्यांची मागची दारे वेल्ड करून, पुढची लांब करून ‘कूपे’ बनवण्याची कल्पना अनेकांना सुचते. खांब मागे सरकवायचा, छपराचा भार नव्याने बांधायचा आणि दाराची काच नव्या मापाची करायची, इतके करून जे तयार होते ते प्रमाणबद्ध क्वचितच दिसते. या कल्पनेच्या वाटेला जाऊ नये. डुक्कर फियाट म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ११०० गाडीची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी आहेत. वेगात खटका निसटला तर वारा दार ओढून उघडतो, म्हणून शर्यतीसाठी ती मी सुचवत नाही.

कोणत्या गाडीला हात लावू नये

दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा ती पाहायला गर्दी का उसळते, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. जुन्या यंत्राविषयीचा हा आदर छोट्या गाड्यांनाही लागू करावा. मूळ इंजिन, मूळ रंगाच्या खुणा, मूळ अपहोल्स्टरी आणि पहिल्या मालकापासूनची कागदपत्रे असलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी कापू नये. ती जपणाऱ्याच्या हाती सोपवावी. शर्यतीसाठी योग्य गाडी ती, जिचे इंजिन कधीच भंगारात गेले आहे, जिच्या आतले सामान उंदरांनी संपवले आहे, पण जिची हाडे शाबूत आहेत. अशा गाडीचे मूळ रूप कोणी परत आणणार नसते, तेव्हा तिला नवे आयुष्य देण्यात इतिहासाचे नुकसान होत नाही.

याला कायद्याची बाजूही आहे. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली : ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. चॅसी कापून इंजिन बदललेली गाडी या व्याख्येत बसणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल केलेले वाहन रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून निवड करतानाच ठरवावे, की ही गाडी फक्त पट्ट्यासाठी आहे आणि ती तिथवर ट्रेलरवरच जाईल. एकाच गाडीत शर्यतही आणि रविवारची रंकाळ्यावरची फेरीही, असा बेत आखणाऱ्याला दोन्हींपैकी एकही धड मिळत नाही.

प्रत्यक्ष पाहणी

गाडी कुठून घ्यायची याचा विचार हवामानापासून सुरू करावा. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने पत्रा सुकतच नाही. कोकणातल्या गाड्यांना खारी हवा लागलेली असते. माझा सल्ला असा, की शोध पूर्वेकडे न्यावा : जत, सांगोला, पंढरपूर, विजापूर या कोरड्या भागातल्या वाड्यांत आणि गोठ्यांत उभ्या असलेल्या गाड्यांचा पत्रा बराच टिकलेला असतो. कोल्हापूर, शिरोळ किंवा सांगलीतली गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती कुठे उभी होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंचगंगेचा किंवा कृष्णेचा गाळ बंद पोकळ्यांत शिरला की तो तिथेच राहतो, ओल धरतो आणि आतून पत्रा खातो, बाहेरून मात्र गाडी रंगवून चकचकीत केलेली असते. दाराच्या आतले पॅनल काढून, मागच्या सीटखाली आणि हेडलाइटच्या मागे बोट फिरवावे. बारीक, पिवळसर, सुकलेला गाळ बोटाला लागला तर तो सौदा तिथेच थांबवावा.

पाहणीला जाताना ओळंबा, खडू, टेप, साधे चुंबक, टोकदार पोकर, टॉर्च, जॅक आणि हेल्मेट सोबत घ्यावे. चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि विंडस्क्रीनच्या चौकटीवरून फिरवावे. जिथे चुंबक सुटते तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. लांबी कुठेतरी असणारच, ती किती आणि कुठे आहे हे महत्त्वाचे : दाराच्या मधोमध पोचा भरलेला असेल तर चालेल, चौकटीच्या कोपऱ्यात किंवा बिजागरीच्या मुळाशी असेल तर नाही.

चॅसीची परीक्षा सर्वांत अधिक वेळ देऊन करावी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात, मग गाडी बाजूला ढकलून त्या खुणांमधली कर्णाची दोन अंतरे टेपने मोजावीत. दोन्ही कर्णांत ५-६ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला तर चॅसी कधीतरी ठोकर खाऊन वाकलेली आहे. वाकलेली चॅसी सरळ करता येते, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे, आणि विक्रेता तो वजा करायला तयार नसेल तर परत फिरावे. हेराल्डमध्ये मधल्या दोन समांतर पट्ट्यांपेक्षा बाजूला निघालेले आउटरिगर आणि डिकीखालचे आधार आधी गंजतात. तिथे पोकर जोर लावून टोचावा. आउटरिगर नवे बनवणे हे उद्यमनगरातल्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरचे काम आहे, म्हणून ते गेले असतील तर घाबरू नये. मधल्या पट्ट्या आतून पोखरल्या असतील, टोचताच पोकर आत गेला, तर मात्र ती गाडी सोडावी. सळईने ठोकून आवाज ऐकण्याची मेस्त्री लोकांची पद्धतही खरी आहे : चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो.

दारे उघडून-मिटून पाहावीत. दार उघडताच खाली झुकत असेल तर आधी बिजागरीची पिन तपासावी. पिन चांगली असूनही झुकत असेल तर खांब सैल झाला आहे. गाडीच्या एका बाजूला जॅक लावून ती थोडी उचलावी आणि त्याच स्थितीत दार पुन्हा मिटून पाहावे. उचललेल्या अवस्थेत दार अडकू लागले तर बॉडी पिळते आहे, आणि जी बॉडी जॅकवर पिळते ती सुटण्याच्या क्षणी त्याहून अधिक पिळणार.

मग हेल्मेट घालून चालकाच्या जागी बसावे. ही पायरी बहुतेक जण विसरतात. रोल बारची नळी आणि तिच्यावरचे पॅडिंग धरल्यावरही डोक्याभोवती चार बोटांची जागा उरली पाहिजे, गुडघे स्टिअरिंगला लागता कामा नयेत, आणि पायांना तिन्ही पॅडल वेगवेगळे सापडले पाहिजेत. जुन्या इंग्रजी गाड्या अरुंद आहेत. उंच बांध्याच्या माणसाने अँग्लियाच्या मोहात पडण्याआधी तिच्यात दहा मिनिटे बसून पाहावे. त्यानंतर मागच्या दोन कमानींमधले अंतर मोजावे, कारण रुंद टायर किती आत सरकवता येईल आणि पत्रा किती कापावा लागेल हे त्यावर ठरते.

सुरक्षेचे सामान गाडीत कुठे बसेल, हेही याच वेळी पाहावे. एनएचआरएच्या प्रचलित नियमांत जुन्या बंद गाडीला पाव मैलाची वेळ ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी आली की रोल बार आणि ९.९९ च्या आत आली की (इंजिनामागचा किंवा तळाचा पत्रा बदललेला असेल तर १०.९९ लाच) पूर्ण रोल केज, म्हणजे नळ्यांचा पिंजरा, लागतो. स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या, टायरवर १३.९९ च्या आत धावणाऱ्या गाडीला प्रोपेलर शाफ्टखाली, तो तुटल्यास धरून ठेवणारा, लूप सक्तीचा आहे. माझे म्हणणे असे, की साठ वर्षांच्या पत्र्यात बसून शर्यत करणाऱ्याने वेळ कितीही असो, रोल बार, लूप आणि चांगला हार्नेस, म्हणजे शर्यतीचा सीटबेल्ट, पहिल्या दिवसापासून लावावा. हेराल्डचे छप्पर बोल्टवर बसवलेले आहे आणि उलटल्यास ते चालकाला वाचवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कागद

शर्यतीसाठीच गाडी घ्यायची, मग कागद कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. आरसी बुकावरचा चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः पडताळावा, क्रमांकाच्या पट्टीभोवती ताजे वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा नाहीत हे पाहावे, आणि विकणारा हाच नोंदलेला मालक किंवा त्याचा कायदेशीर वारस आहे याची खात्री करून घ्यावी. जुन्या गाड्या बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असतात आणि वारस तिघे-चौघे असतात. त्यांच्यापैकी एकाने रागाने तक्रार केली तर तयार झालेली गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात उभी राहते. सर्व वारसांच्या सह्या, फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा कर्नाटकातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, हे सारे पैसे देण्यापूर्वी हातात असावे.

इंजिन आणि ॲक्सलचा हिशेब

आता इंजिनाकडे येता येते. पाव मैलाच्या वेळेचा एक प्रचलित ठोकताळा असा : पौंडांतले वजन भागिले हॉर्सपॉवर, त्याचे घनमूळ, गुणिले ५.८२५. चालकासह ९०० किलोची गाडी १०० हॉर्सपॉवरवर सुमारे १५.८ सेकंदांत पाव मैल कापते. हॉर्सपॉवर १५० केली तर १३.८. पण तीच १५० हॉर्सपॉवर १,२०० किलोच्या गाडीत घातली तर वेळ परत १५.२ वर जाते. हलकी गाडी निवडली की निम्मे काम झाले, हे आकड्यांतच दिसते. आपल्याकडे सुटे भाग मिळणारे इंजिन म्हणून काँटेसा आणि ॲम्बेसेडरमध्ये आलेले इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन मला योग्य वाटते; पुढे कार्ब्युरेटर, कॅम आणि कॉम्प्रेशनवर काम करायला त्यात वाव आहे.

मागच्या ॲक्सलसाठी जुन्या जीपचे हाउसिंग हाताशी आहे. तिच्या दोन चाकांमधले अंतर ४८-४९ इंचांचे, हेराल्डचेही जवळपास तेवढेच, म्हणजे रुंदी कापावी लागत नाही. जुन्या जीपचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, मधोमध नसून एका बाजूला असतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टची रेषा आणि चॅसीतली जागा आधी मोजून पाहावी. क्राऊन-पिनियनचे गुणोत्तरही विचारून घ्यावे : ६६ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर ५.३८ चे गुणोत्तर असेल तर इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना वेग ताशी १३८ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे १०० हॉर्सपॉवरच्या गाडीचे इंजिन शेवटच्या रेषेवर पूर्ण ताणलेले असते. ताकद वाढवायची असेल तर ४.८८ चे शोधावे. त्याच फेऱ्यांना ते ताशी १५० च्या पुढे नेते.

धावण्याच्या जागेचा प्रश्नही निवडीच्या वेळीच सोडवावा. पुणे-बंगळूर महामार्ग पहाटे कितीही मोकळा दिसला तरी तो शर्यतीचा पट्टा नाही. आपल्यापासून सुमारे ३०० किलोमीटरवर, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा भरल्या आहेत. तशा स्पर्धेत उतरायचे तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचे नियम आणि आयोजकांचे वर्ग आधी मागवून वाचावेत, आणि आपली गाडी कोणत्या वर्गात बसेल हे विचारून मगच बयाणा द्यावा.

गाडी ट्रेलरवर घरी आली की पत्र्याला हात लावण्याआधी ती ट्रेलरवरून उतरवून वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखान्यांच्या आणि गुळाच्या या जिल्ह्यात काटा शोधावा लागत नाही. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची, अशी तीन वजने घ्यावीत. मोठ्या काट्याला लहान फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक वजन दोनदा करावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. इंजिन किती मागे घ्यायचे, बॅटरी डिकीत कोणत्या बाजूला ठेवायची आणि पुढचा पाटा किंवा स्प्रिंग किती कडक हवी, हे ठरवताना त्या पावत्यांवरचे आकडेच लागतात.